आत्मगुप्ता

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीच्या पायवाटांवर एक पथ्य पाळावे लागते. करवंदीच्या जाळीवर सोनेरी-तपकिरी मखमलीच्या शेंगांचे घोस लोंबताना दिसले, की आधी वारा कुठल्या अंगाने वाहतो ते पाहायचे. शेंगांकडून आपल्याकडे येत असेल तर लांबून वळसा घालायचा. शेंगेला हात लावणाऱ्याची फजिती होते हे सगळ्यांना ठाऊक असते. हात न लावणाऱ्याचीही होते, हे एकदा अनुभवल्याशिवाय पटत नाही.

ही खाजकुहिली. कुठे खाजकुयली, कुठे नुसती कुहिली. गावाकडच्या प्रत्येक शाळेत तिची एक तरी गोष्ट असते, आणि त्या गोष्टीत बहुधा मास्तरांची खुर्ची असते. मुलांच्या खोड्यांमुळे ही वेल आपल्याकडे इतकी बदनाम झाली, की तिच्याकडे वनस्पती म्हणून कुणी नीट पाहिलेच नाही. पाहायला हवे, कारण वाल-पावट्याच्या भाऊबंदकीतल्या ज्या गोतातली ही आहे, त्याच्याइतके चतुर गोत शेंगवर्गात शोधूनही थोडेच सापडेल.

शास्त्रात या गोताला, म्हणजे प्रजातीला, म्यूकुना म्हणतात. शंभराच्या आसपास जाती, जवळजवळ सगळ्या वेली, आणि त्यांचा पसारा आशिया, आफ्रिका, अमेरिका आणि पॅसिफिक बेटांच्या उष्ण प्रदेशांत. म्यूकुना हा शब्द लॅटिन वाटतो, पण तो ब्राझीलमधल्या तुपी लोकांच्या भाषेतून आलेला. फ्रेंच वनस्पतिज्ञ मिशेल आदांसाँ याने १७६३ साली तो प्रजातीच्या नावावर चढवला. खरे तर १७५६ सालीच पॅट्रिक ब्राउनने स्टिझोलोबियम हे नाव देऊन ठेवले होते, आणि नामकरणाच्या नियमाप्रमाणे जे आधीचे तेच खरे. पण म्यूकुना इतके रूढ झाले होते की वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यासाठी नियमाला अपवाद केला. आपली खाजकुहिली म्हणजे म्यूकुना प्रुरिएन्स. लिनियसने आधी तिला वालाच्या जवळच्या डॉलिकोस प्रजातीत घातले होते. तिथून उचलून १८२५ साली द कांदोलने तिला आजच्या घरी आणले. प्रुरिएन्स म्हणजे खाज आणणारी. एवढेच.

संस्कृतातल्या वैद्यांनी आणि कोशकारांनी हेच काम फार बारकाईने केलेले आहे. शूकशिंबी म्हणजे कुसळांची शेंग. कण्डुरा म्हणजे खाजरी. प्रावृषायणी म्हणजे पावसाळ्यातली. कपिकच्छू आणि मर्कटी, कारण माकडांनाही खाजवायला लावणारी. आणि या सगळ्यांवर कडी करणारे नाव म्हणजे आत्मगुप्ता, स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. माझ्या मते या संपूर्ण प्रजातीचे वर्णन या एका नावात आले आहे, आणि ज्याने ते दिले त्याने फक्त शेंगेवरची लव पाहिली असेल तर त्याचा नेम आश्चर्यकारकच म्हणायचा. कारण या वेलीचे पहारे एकाहून अधिक आहेत.

पानांकडे पाहून मात्र काहीच संशय येत नाही. एका देठावर तीन पर्णिका, थेट वाल-पावट्यासारख्या. मधली पर्णिका बरीचशी समतोल आणि बाजूच्या दोन्ही तिरक्या: आतली अर्धी बाजू अरुंद, बाहेरची पसरट. खाजकुहिली स्वतः पावसाबरोबर उगवते, कुंपणावर, जाळीवर, असेल त्या झाडावर चढते आणि शेंगा पिकवून उन्हाळ्यापर्यंत वाळून जाते. तिच्या जंगली बहिणी मात्र वर्षानुवर्षे जगणाऱ्या, मनगटाएवढ्या आणि त्याहून जाड लाकडी वेली आहेत. त्या जंगलाच्या माथ्यावर पसरतात, आणि खाली उभ्या माणसाला फक्त दोरखंड दिसतात.

फुलापासून खरी गंमत सुरू होते. वाटाण्याचे किंवा हादग्याचे फूल ज्याने उलगडून पाहिले आहे त्याला रचना ओळखीची वाटेल. वर एक मोठी पाकळी, तिला ध्वज म्हणतात. बाजूला दोन पंख. खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी, आणि त्या होडीत दहा पुंकेसर व स्त्रीकेसर झाकलेले. वाटाण्यात ध्वज सर्वांत भपकेदार असतो. म्यूकुनात तो आखूड, बहुतेक जातींत होडीच्या निम्म्याच्या आसपास. होडी लांब, आणि तिचे टोक चोचीसारखे कठीण व वर वळलेले. दहा पुंकेसरांतले नऊ तळाशी एकमेकांना चिकटलेले आणि एक सुटा, हे शेंगवर्गात पुष्कळांचे असते. पण इथे परागकोशही दोन तऱ्हांचे निघतात: पाच लांबट, पाच आखूड, एकाआड एक. खाजकुहिलीची फुले जांभळी, लोंबत्या तुऱ्यांत. इतर जातींत पांढरट, हिरवट, आणि न्यू गिनीच्या काही जातींत तर जळत्या निखाऱ्यासारखी लाल-केशरी. वनस्पती-संग्रहात वाळवून ठेवली की यातली बरीच फुले काळी ठिक्कर पडतात. या काळेपणाचे कारण पुढे येईल.

ही होडी कुलूपबंद असते. मधमाशी येऊन बसली म्हणून बाकीच्या शेंगवर्गी फुलांसारखी ती सहज खाली झुकत नाही. पुष्कळ म्यूकुनांत होडीच्या कडा घट्ट मिटलेल्या असतात आणि आत पुंकेसर स्प्रिंगसारखे ताणलेले. पुरेसे बळ असलेला प्राणी योग्य जागी दाबेल तेव्हाच कडा फाटतात, पुंकेसर फटकन बाहेर उसळतात आणि परागांचा भुरका पाहुण्याच्या अंगावर उडतो. फुलाच्या आयुष्यात हा बार एकदाच उडतो. उडाला नाही तर बीजही बहुधा धरत नाही. म्हणजे परागांची रोकड कुणाच्या हाती द्यायची हे फूल ठरवते, आणि किल्ली जातीगणिक वेगळ्या प्राण्याकडे असते.

मध्य अमेरिकेतल्या म्यूकुना होल्टोनी या जातीची किल्ली वटवाघळांकडे आहे. तिचे तुरे पानांच्या गर्दीपासून दूर, लांब दोरीसारख्या देठांवर मोकळ्या हवेत टांगलेले असतात. फूल तयार झाले की त्याचा छोटा ध्वज ताठ उभा राहतो. तो आतून खोलगट असतो. डाग्मार आणि ओटो फॉन हेल्वर्सेन या जर्मन संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले की हा खोलगट ध्वज म्हणजे ध्वनीचा आरसा आहे. वटवाघूळ अंधारात जी बारीक चित्कारांची फेक करते, तिचा प्रतिध्वनी हा ध्वज कुठल्याही कोनातून जवळपास आल्या दिशेलाच परत पाठवतो. संशोधकांनी काही फुलांचे ध्वज काढून टाकले, काहींच्या खोलगटीत कापूस भरला. मध तसाच, वास तसाच, पण वटवाघळांच्या भेटी एकदम रोडावल्या. बाकीची फुले माशी-पाखरांना दिसावे म्हणून रंग चढवतात. हे फूल ऐकू यावे म्हणून घडलेले आहे.

पूर्व आशियातल्या म्यूकुना मॅक्रोकार्पाची तऱ्हा आणखी वेगळी. ओकिनावा बेटांवर तिची फुले फळे खाणारी मोठी वटवाघळे उघडतात, तैवानमध्ये खारी, आणि जपानच्या क्यूशू बेटावर, जिथे ही मोठी वटवाघळे राहत नाहीत, तिथे चक्क माकडे. जपानी संशोधकांनी २०१५च्या सुमारास हे नोंदवले. माकड हाताने फूल उघडते, मध चाटते आणि तोंडावर पराग माखून पुढच्या तुऱ्याकडे जाते. आपण जिला माकडांची खाज म्हणून कपिकच्छू नाव दिले, तिच्याच एका बहिणीचे लग्न माकडे जमवतात! आपली खाजकुहिली, विशेषतः तिचे शेतातले वाण, मात्र या भानगडीत फारसे पडत नाहीत. त्यांचे बरेचसे काम स्वपरागणावर भागते.

आता शेंग. खाजकुहिलीची शेंग बोटाएवढी, इंग्रजी एस अक्षरासारखी दोन्ही टोकांना वळलेली, आत चार-सहा बिया. वर दाट, चमकदार लव. दुरून मखमल वाटते म्हणूनच इंग्रजीत तिच्या वाणांना व्हेल्व्हेट बीन म्हणतात. ही लव म्हणजे मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीच्या ताठ, टोकदार सुया. शेंग वाळली की त्या नुसत्या वाऱ्याच्या झुळकीने सुटतात.

पूर्वी समजूत अशी होती की सुई टोचली म्हणून खाज सुटते. ती अपुरी होती, हे सिद्ध करायला एक साधा प्रयोग पुरला: याच सुया उकळून काढल्या की टोचतात, पण खाजवत नाहीत. १९५५ साली अमेरिकेत शेली आणि आर्थर यांनी सुयांमधून प्रथिने तोडणारे एक विकर वेगळे केले आणि त्याला म्यूकुनेन म्हटले. पुढची कडी सापडायला अर्धशतक गेले. २००८ साली असे दिसून आले की हे विकर त्वचेतल्या मज्जातंतूंवरच्या विशिष्ट ग्राहकांना थेट चेतवते. पित्त उठते किंवा डास चावतो तेव्हाची खाज मुख्यतः हिस्टामिन या द्रव्यामुळे येते. कुहिलीची खाज त्या वाटेने येतच नाही. म्हणून पित्तावरची नेहमीची गोळी इथे हात टेकते. खाजेवर संशोधन करणारे आजही कुहिलीच्या सुया प्रयोगशाळेत बाळगतात, कारण एक्झिमासारख्या रोगांतली चिवट खाज बरीचशी याच दुसऱ्या वाटेची असते.

गावात यावर शेण नाहीतर राख चोळतात. शास्त्र बाजूला ठेवले तरी त्यामागे शहाणपण आहे: चिकट किंवा कोरडा लेप सुया धरून ओढून आणतो. खाजवणे हा मात्र सर्वांत वाईट उपाय, त्याने सुया आणखी खोल जातात आणि बोटांवरून मानेला, डोळ्यांना लागतात. डोळ्यात गेल्या तर थट्टा राहत नाही, सरळ डॉक्टर गाठावा.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. हिंदीत या वेलीला केवाँच म्हणतात. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी त्याचे काउहेज केले, आणि मग त्यातल्या कुणाच्या तरी कानाने ते काउ-इच, म्हणजे गाईची खाज, असे ऐकले. गाईचा यात काडीचा संबंध नाही. त्याच काळात वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडात या सुया काकवीत किंवा मधात कालवून जंतांवर औषध म्हणून चाटवत असत. ज्याने पहिला चमचा घेतला त्याच्या धाडसाला सलाम.

समजा एखादा प्राणी सुयांचा पहारा ओलांडून बीपर्यंत पोचलाच. तर आत दुसरा पहारा बसलेला असतो, आणि तो पहिल्याहून कडक आहे. म्यूकुनाच्या बियांत एल-डोपा नावाचे अमिनो आम्ल असते, आणि थोडेथोडके नव्हे, बीच्या वजनाच्या तीन ते सहा टक्क्यांच्या घरात. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली खाजकुहिलीच्या बियांतून ते वेगळे केले. वेलीला ते कशाला हवे, याचे उत्तर १९७३ साली मिळाले. रेर, जॅन्झेन आणि फीनी या तिघांनी पाने-बिया फस्त करणाऱ्या लष्करी अळ्यांच्या अन्नात एल-डोपा मिसळून पाहिला, तर अळ्या नीट वाढल्या नाहीत आणि कोषही विद्रूप निघाले. बी किडत नाही त्याचे कारण हे. आणि एल-डोपा हवेतल्या ऑक्सिजनने काळा पडतो, आपल्या त्वचेतल्या मेलॅनिनच्याच धर्तीवर. वाळलेली म्यूकुना काळी का होते, त्याचा खुलासा बराचसा इथे आहे.

जे अळीला विष तेच माणसाला औषध व्हावे, हा या कथेतला सर्वांत मोठा योगायोग. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूच्या एका भागात डोपामिन कमी पडते. डोपामिन थेट दिले तर ते मेंदूत शिरत नाही. एल-डोपा शिरतो, आणि तिथे त्याचेच डोपामिन होते. आर्विद कार्लसन यांच्या १९५७च्या कामापासून हा धागा सुरू झाला, आणि १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत एल-डोपा देऊन रुग्ण हालते-चालते केले. आयुर्वेदात कपिकच्छूचे बी बल्य आणि वातनाशक म्हणून फार पूर्वीपासून आहे. ते गाईच्या दुधात शिजवून, साल काढून मगच वापरतात. मुंबईत अशोक वैद्य, नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपिकच्छूच्या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९७८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. आठ रुग्ण म्हणजे फार नव्हेत, हेही त्याच दमात सांगायला हवे. बीगणिक एल-डोपाचे प्रमाण बदलते, म्हणून बाजारातले कवचबीज, म्हणजे कुहिलीचेच बी, आणून आजोबांना आपल्या मनाने चूर्ण चाटवणे हा शुद्ध आगाऊपणा आहे.

तो किती महागात पडू शकतो हे मोझांबिकने पाहिले. दक्षिण भारतातल्या काही आदिवासी जमाती या बिया खातात, पण पुनःपुन्हा उकळून आणि दर वेळी पाणी फेकून देऊन. एल-डोपा पाण्याबरोबर निघून जातो. मोझांबिकच्या नांपुला प्रांतातही लोकांना ही रीत ठाऊक होती. पण १९८९च्या दुष्काळात अन्नाबरोबर पाणीही आटले, आणि उकळलेले पाणी फेकायचे कसे, असा प्रश्न पडला. दोनशेहून अधिक माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागली. वेल तीच, बीही तेच, फक्त पाणी नव्हते.

सुया आणि एल-डोपा यांतला सुयांचा पहारा माणसाने शेतीसाठी उठवला. खाजकुहिलीचे जे बिनखाजेचे वाण आहेत, ते शेकडो वर्षांच्या निवडीतून आले. १८७०च्या दशकात असा वाण फ्लोरिडात शोभेची वेल म्हणून पोचला आणि बघता बघता अमेरिकेच्या दक्षिणेत मक्याच्या शेतांत हिरवळीचे खत आणि गुरांचा चारा म्हणून पसरला. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, वर पाल्याची दाट गोधडी तण दडपते. रासायनिक खते आणि सोयाबीन आल्यावर तिकडे ती मागे पडली. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डोंगराळ शेतांत मात्र शेतकऱ्यांनी तिला धरून ठेवले: वाढलेली वेल कोयत्याने आडवी करायची आणि त्या पाल्यातच मका टोकायचा. ना नांगर, ना जाळणे. केरळच्या रबराच्या मळ्यांत ईशान्य भारतातली म्यूकुना ब्रॅक्टिआटा याच कामाला लावली आहे. फक्त तिला आवरायला माणूस लागतो, नाहीतर ती रबराच्याच झाडांवर चढते.

म्यूकुनाच्या बियांत दोन घराणी दिसतात. खाजकुहिलीसारख्यांच्या बिया लहान, लांबट, आणि वालाच्या दाण्यासारखी नाभी आखूड, उंचावलेल्या काठाची. दुसऱ्या घराण्याच्या बिया मोठ्या, चपट्या-गोल आणि त्यांची नाभी बीच्या कडेने जवळजवळ पाऊण फेरा मारते, गाडीच्या चाकाला धाव बसवावी तशी. याच दुसऱ्या बिया दर्यावर्दी निघाल्या. कवच पक्के, आत पोकळी, त्यामुळे त्या महिनोन्महिने तरंगतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर कसल्यातरी विचित्र बिया वाहत येतात, अशी वार्ता सतराव्या शतकाच्या अखेरीस हॅन्स स्लोन यांच्या कानी गेली. ते पूर्वी जमैकात राहून आले होते, त्यामुळे त्यांनी त्यांतल्या काही ओळखल्या. अटलांटिक ओलांडून आलेल्या त्या पाहुण्यांत म्यूकुनाही होती, आणि त्या जातीला आज त्यांचेच नाव आहे: म्यूकुना स्लोनी.

कोकणच्या खाडीकाठी आणि किनारी झाडीत वाढणारी म्यूकुना जायगँशिया याच दर्यावर्दी घराण्यातली. तिची फुले हिरवट-पांढरी, शेंगेच्या दोन्ही कडांना पापुद्र्यासारखे पंख. तिच्या बियांची गारंबीच्या बियांशी गल्लत होते. गारंबीही शेंगवर्गातलीच वेल, पण शाखा निराळी, बाभूळ-लाजाळूच्या बाजूची, आणि शेंग हातभर लांब. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात मोठी कुहिली किंवा सोनगारवी भेटते, म्यूकुना मोनोस्पर्मा. नावाप्रमाणे शेंगेत एकच बी, आणि शेंगेच्या अंगावर तिरप्या चुण्या, इस्त्री न केलेल्या सोग्यासारख्या. लव इथेही आहे, लालसर आणि तितकीच दुष्ट.

हे सगळे मोजून-मापून संपले आहे असे कुणी समजू नये. ज्या उत्तर सह्याद्रीत पुण्या-मुंबईची मंडळी दर रविवारी ट्रेकला जातात, तिथूनच कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी आयतवडे यांनी २०१२ साली म्यूकुनाची एक अख्खी नवी जात जगापुढे आणली: म्यूकुना संजाप्पी. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे माजी संचालक एम. संजप्पा यांचे नाव तिला दिले आहे. इतकी वर्षे ती तिथेच वाढत होती.

तेव्हा पुढच्या दिवाळीच्या आगेमागे डोंगरात जाल तर जाळीवर लोंबणारे जांभळे तुरे शोधा. त्या दिवसांत शेंगा कोवळ्या असतात, सुया अजून सुटत नाहीत, आणि फूल जवळून पाहता येते. एखादे न उमललेले फूल काडीने हलकेच दाबून त्याचे कुलूप बघा. मात्र फुलाच्या तळच्या पेल्यावरही तीच लव असते, म्हणून काडीनेच, बोटाने नको.